आरटीएक्स ५०७० खरंच ४०९० एवढं होतं का? टेक शोमधले दावे असे वाचायचे

जानेवारीचा पहिला आठवडा आला की कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणाऱ्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास येतो. "पीसी आत्ता घेऊ की थांबू? नवीन काहीतरी येतंय म्हणे."

हे 'नवीन काहीतरी' बहुतेक वेळा लास व्हेगासमधून येतं. तिथे दर जानेवारीत सीईएस, म्हणजेच कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो भरतो. १९६७ मध्ये सुरू झालेलं हे प्रदर्शन व्यापारी, कंपन्या आणि पत्रकारांसाठी असतं, आपल्यासारख्या ग्राहकांना तिथे प्रवेश नसतो. पण स्टेजवर दाखवलेला आकडा काही मिनिटांत रील होऊन आपल्या मोबाईलवर पोहोचतो.

अशाच एका आकड्याने २०२५ मध्ये सगळ्यांना वेड लावलं होतं. तो आकडा खरा होता का? हो आणि नाही. कसं ते बघू.

त्या दिवशी काय जाहीर झालं?

६ जानेवारी २०२५. व्हेगासमध्ये संध्याकाळ, आपल्याकडे ७ तारखेची सकाळ. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग स्टेजवर आले आणि त्यांनी आरटीएक्स ५० सिरीजची ग्राफिक्स कार्ड जाहीर केली. ५०९० ची किंमत १,९९९ डॉलर, ५०८० ची ९९९, ५०७० टीआयची ७४९ आणि ५०७० ची ५४९ डॉलर.

धमाका झाला तो शेवटच्या कार्डावर. ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० चा परफॉर्मन्स मिळेल, असा दावा त्यांनी केला. ४०९० म्हणजे आधीच्या पिढीतलं सगळ्यात तगडं कार्ड, २०२२ मध्ये १,५९९ डॉलरला आलेलं. म्हणजे तीच ताकद जवळपास एक तृतीयांश किमतीत! ज्यांनी नुकतंच ४०९० घेतलं होतं, त्यांच्यावर मीम्सचा पाऊस पडला.

मग कंपनी खोटं बोलली का?

सरळ खोटं नाही, पण त्या आकड्याला एक अट चिकटलेली होती. एआयशिवाय हे शक्य नाही, असं हुआंग यांनी स्टेजवरच सांगितलं होतं. रीलमध्ये मात्र आकडा राहिला आणि अट गळाली.

ती अट म्हणजे डीएलएसएस ४ मधलं 'मल्टी फ्रेम जनरेशन'. गेम चालताना कार्ड एकामागून एक चित्रं तयार करतं, त्यांना फ्रेम म्हणतात. या तंत्रात कार्ड एक फ्रेम खरोखर तयार करतं आणि त्यासोबत तीनपर्यंत फ्रेम एआय अंदाजाने भरतं. ४०९० ला मात्र एआयकडून एकच फ्रेम भरता येते. त्यामुळे तुलना बरोबरीची नव्हतीच.

सोपं उदाहरण घेऊ. गावच्या स्टँडवरून दर तासाला एक एसटी सुटते. मधल्या वेळेत तिथे एसटीची तीन हुबेहूब चित्रं उभी केली, तर स्टँड गजबजलेला दिसेल. पण तुम्हाला बसायला गाडी मिळणार ती तासानेच.

गेममध्येही तसंच होतं. स्क्रीनवर १२० फ्रेम दिसतात आणि चित्र गुळगुळीत वाटतं. पण तुमच्या माऊसचं क्लिक खऱ्या ३० फ्रेमच्याच वेगाने पोहोचतं. मुळात खऱ्या फ्रेम ६० च्या पुढे असतील तर हे तंत्र छान काम करतं. कार्डच दमलेलं असेल तर ते त्याला वाचवू शकत नाही.

स्वतंत्र चाचणीत काय निघालं?

५०७० ची विक्री ५ मार्चला सुरू झाली. स्वतंत्र चाचण्या आल्या त्याच्या जेमतेम एक दिवस आधी. एआयच्या फ्रेम बाजूला ठेवल्यावर ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे होतं. त्याची खरी बरोबरी होती ४०७० सुपरच्या आसपास, आणि ते कार्ड जानेवारी २०२४ मध्येच ५९९ डॉलरला आलं होतं.

याचा जास्त फटका गेम न खेळणाऱ्यांना बसतो. ॲनिमेशन शिकणारी मुलगी ब्लेंडरमध्ये रेंडर लावते किंवा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी स्वतःच्या पीसीवर एआय मॉडेल चालवतो, तिथे फ्रेम जनरेशनचा काडीचाही उपयोग नाही. तिथे मेमरी लागते. ४०९० मध्ये ती २४ जीबी आहे आणि ५०७० मध्ये १२ जीबी. जे मॉडेल २४ जीबीत मावतं, ते १२ जीबीत मावेलच असं नाही. घरच्यांना पटवून, ईएमआयवर कार्ड घेतल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

आणि किंमत?

अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडे अशा पार्टवर १८ टक्के जीएसटी लागतो. तेव्हाच्या दराने ५४९ डॉलर म्हणजे सुमारे ४७ हजार रुपये, जीएसटी धरून साडेपंचावन्न हजारांच्या पुढे. एनव्हिडियाने भारतासाठी ५०७० ची सुरुवातीची किंमत ५९ हजार रुपये जाहीर केली होती.

त्यातला 'सुरुवातीची' हा शब्द महत्त्वाचा. ३० जानेवारीला ५०९० आणि ५०८० विक्रीला आली, तेव्हा अनेक देशांत माल बघता बघता संपला आणि पुढे कित्येक आठवडे ही कार्ड जाहीर किमतीपेक्षा महाग विकली गेली. स्टेजवर दिसते ती कंपनीची किंमत. लॅमिंग्टन रोडच्या किंवा तपकीर गल्लीच्या काउंटरवर जी सांगतात, ती बाजाराची.

थांबून काही फायदा झाला का?

झाला. याच सीईएसमध्ये एएमडीने आपली नवी ग्राफिक्स कार्ड स्टेजवर आणलीच नाहीत. २८ फेब्रुवारीला त्यांनी आरएक्स ९०७० आणि ९०७० एक्सटी जाहीर केली, अनुक्रमे ५४९ आणि ५९९ डॉलरला. दोन्हींत १६ जीबी मेमरी. विक्री ६ मार्चपासून, म्हणजे ५०७० नंतर दुसऱ्याच दिवशी. ही कार्डंही पुढे जाहीर किमतीला मिळणं अवघड झालं, पण जानेवारीत रील बघून मन पक्कं केलेल्यांना हा पर्याय समोर नव्हता.

कंपन्या आधी घोषणा करतात त्याचं एक कारण हेच. तुम्ही 'थांबतो' म्हणालात, की तेवढ्या काळात दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक कमी होतं.

हे फक्त ग्राफिक्स कार्डांपुरतंच आहे का?

नाही. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी' जाहीर केले आणि जूनमधल्या तैपेईच्या कम्प्युटेक्स प्रदर्शनात अशा लॅपटॉपची रांग लागली. मुख्य आकर्षण होतं स्क्रीनवरचं सगळं लक्षात ठेवणारं 'रिकॉल' फीचर. सुरक्षेवरून टीका झाली आणि १८ जूनला लॅपटॉप विक्रीला आले ते रिकॉलशिवायच. सर्वांसाठी ते यायला एप्रिल २०२५ उजाडलं. लोकांनी पैसे जूनमध्ये मोजले, फीचर दहा महिन्यांनी आलं.

मग दावा वाचायचा कसा?

पुढच्या वेळी रील शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. आकडा कशाचा आहे? ग्राफखाली बारीक अक्षरात सेटिंग लिहिलेलं असतं. त्यात फ्रेम जनरेशन दिसलं, तर तो आकडा फक्त गेमसाठी आहे असं समजा.

२. तुलना कशाशी आहे? दोन्हीकडे सारखी सेटिंग आहेत का, मेमरी किती आहे, हे बघा.

३. वस्तू कधी आणि कितीला मिळणार? तारीख नसेल तर त्या भरवशावर जुना पीसी विकू नका.

आणि तो व्हॉट्सॲप मेसेज? त्याला माझं उत्तर आता ठरलेलं आहे. कॉलेजचं सबमिशन किंवा काम अडलं असेल, तर आज बाजारात जे मिळतंय त्याच्या चाचण्या बघून घेऊन टाक. अडलं नसेल तर थांब, पण घोषणेसाठी नको. पहिल्या स्वतंत्र चाचणीसाठी थांब.