कार्व्हरच्या पलीकडचे टस्कीगी

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने भुईमूग आणि रताळ्यावर संशोधन करणारा तो शास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोहोचवला. वसतिगृहात तर त्या पुस्तकाची पाने सुटेपर्यंत पारायणे होतात. मात्र ज्या गावी कार्व्हर १८९६ साली आले आणि १९४३ साली देह ठेवीपर्यंत राहिले, ते टस्कीगी आपल्यासाठी केवळ एक नाव होऊन राहिले आहे, याची मला खंत वाटते.

अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यातले हे लहानसे शहर. तेथील शाळा ४ जुलै १८८१ रोजी कृष्णवर्णीयांच्या एका चर्चच्या आश्रयाने, गळक्या खोलीत भरली. बुकर टी. वॉशिंग्टन तिचे पहिले प्रमुख, हे आपण जाणतो; परंतु शाळेची मागणी धरली होती ती गुलामीतून सुटलेल्या ल्युइस ॲडम्स या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने. निवडणुकीत मते मागायला आलेल्या गोऱ्या उमेदवाराकडे त्याने मोबदला मागितला तो शाळेचा! पुढे विद्यार्थीच विटा पाडू लागले. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ गहाण टाकले. त्या विद्यार्थ्यांच्या विटांच्या इमारती आजही उभ्या आहेत.

याच शहराची हद्द १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने नव्याने आखली. चौकोनी शहर अठ्ठावीस बाजूंचे झाले आणि सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाचच आत उरले. ज्या संस्थेमुळे शहराची ख्याती, ती संस्थाही हद्दीबाहेर! संस्थेतील प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्यांचे वकील होते फ्रेड ग्रे.

याच ग्रे यांनी पुढे आणखी एक दावा लढवला. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने तेथील सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशाच्या अभ्यासासाठी वापरले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही रुग्णांना ते दिले नाही. संस्थेच्या रुग्णालयाचाही या अभ्यासाला हातभार लागला होता. राष्ट्राध्यक्षांनी क्षमा मागितली ती १९९७ साली.

माझे मत स्पष्ट आहे. टस्कीगीचा इतिहास लिहिताना हे शेवटचे प्रकरण गाळणारा मनुष्य ॲडम्सचाही अपमान करतो. संस्थेवर ज्यांनी विश्वास टाकला, त्यांच्याच वाट्याला ते दुःख आले होते.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. तेव्हापासूनचे हे नाते आहे. म्हणून टस्कीगीकडे मी परका म्हणून पाहत नाही.

आता आपल्या स्मरणिकेविषयी. पाहुण्यांची व देणगीदारांची छायाचित्रे यंदाही आहेत, ती असावीतच. परंतु पहिल्या वर्गखोलीसाठी डोक्यावरून माती वाहणारे पालक कोण, शाळेला जागा नाकारणारे कोण, कोणती मुले अर्ध्यावर निघून गेली, हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. पुढील अंकासाठी त्यांच्याकडे वही घेऊन जाण्यास दोन माजी विद्यार्थी मिळाले, तर तिसरा मी आहे.