हाताचे ज्ञान

वस्तरा चालविणाऱ्या हाताच्या जाणतेपणाला ‘सवय’ म्हणून बाजूला सारणे आम्हांस मान्य नाही. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. धार जमली की नाही, हे डोळ्याआधी बोटाला कळते. दाढी करताना दुसरा हात कातडी ताणून केसांचा कल चाचपतो. हा क्षणोक्षणीचा निवाडाच होय. मराठी समीक्षा मात्र संत सेना न्हावी यांच्या अभंगातील आरसा-चिमटा केवळ रूपक म्हणून वाचते. ती हत्यारे धरणारा हात तिला दिसत नाही. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या केशवपनास नकार दिला. वस्तरा कोठे चालवू नये, हेही त्याच हातांनी ठरविले. हे ज्ञान नव्हे, तर महाविद्यालयांत आम्ही शिकवितो ते काय?