उपाहारगृहांतील पाणी

कोणत्या गाडीवरचा आलूबोंडा चांगला, कोणत्या खाणावळींत रस्सा पातळ होऊं लागला, आणि कोणत्या नव्या हॉटेलांत पांचशें रुपये मोजूनहि पोट भरत नाहीं, याविषयीं मत नसलेला मनुष्य आमच्या धामणगांवांत सांपडणें कठीण. ज्या गांवाच्या नांवालाच 'रेल्वे' हा शब्द कायमचा चिकटला आहे, तेथें ही चर्चा चालावी यांत नवल नाहीं. १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता नागपुरास पोंचला. त्या मार्गावरील या स्टेशनावर कापसाचा व्यापारी, यवतमाळकडे जाणारा उतारू व आठवड्याच्या बाजारास आलेला खेडूत हे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहेत, आणि उतरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न चहा कोठें मिळेल हाच असतो.

आमचें मत कोणी विचारील तर तें आम्ही मोकळेपणें सांगतों. सकाळीं गाडीवर मिळणारे पोहे आणि त्यांवर ओतलेली हरभऱ्याची झणझणीत तर्री यांच्या तोडीचा नाश्ता थोर हॉटेलांत मिळत नाहीं. खाणावळींतील ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा हें जेवण साधें खरें, पण तें या मातींतलें आहे. उलट, पंख्याऐवजीं गारव्याचें यंत्र लावून ज्यांनीं आपणांस 'फॅमिली रेस्टॉरंट' ही पदवी घेतली आहे, त्यांच्या पत्रिकेंत पनीरचे दहा प्रकार असले तरी ते सर्व एकाच लाल रश्शाचे सख्खे भाऊ असतात. आणि वऱ्हाडांत बसून भाकरी मागावी, तर वाढपी आपण कोठून आलों अशा नजरेनें पाहतो! असो. जिभेचा न्याय ज्याचा त्यानें करावा. तर्री कोणास सोसते, कोणास सोसत नाहीं.

परंतु ताटाशेजारीं ठेवलेला पाण्याचा पेला ही रुचीची बाब नव्हे. आपल्या देशांत पाण्यावरून व पेल्यावरून जितकें रण माजलें, तितकें अन्नावरून क्वचितच माजलें असेल. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा पुढें आला, आणि त्या एका निमित्तानें टिळक व रानडे यांसारख्या पुरुषांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. रेल्वेच्या स्टेशनांवर तर 'हिंदु पाणी' व 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या स्वातंत्र्य उंबरठ्याशीं येईपर्यंत ऐकूं येत होत्या. दलित गिऱ्हाइकासाठीं निराळी कपबशी ठेवावी, ती त्यानेंच विसळावी, हा रिवाज चहाच्या कित्येक दुकानांनीं निर्लज्जपणें पाळला. १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, आणि त्याच सालीं आमच्या अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. पुढें राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें सार्वजनिक उपाहारगृहें सर्वांस खुलीं केलीं, आणि १९५५ च्या अस्पृश्यता-अपराध कायद्यानें हॉटेलांतील सार्वजनिक भांडीं वापरण्यास मनाई करणें हा गुन्हा ठरविला. कायदा करणारांनीं भांड्याचा स्पष्ट उल्लेख केला, कारण अपमान नेमका कोठें होतो हें त्यांस ठाऊक होतें.

ती जातीची भिंत कायद्यानें पाडिली; तिच्या जागीं आतां पैशाची एक बारीकशी भिंत उभी राहत आहे. टेबलाशीं बसतांच वाढपी विचारतो, "बाटली आणूं कीं साधें?" या 'साधें' शब्दाचा उच्चार असा होतो, कीं खेड्यांतून मुलाबाळांस घेऊन आलेला भिडस्त शेतकरी मुकाट्यानें बाटलीच मागतो. जें पाणी न मागतां समोर यावयाचें, तें बिलांत येतें. खालच्या टोंकास दुसराच प्रकार. तेथें पाणी फुकट असतें, पण एकाच बादलींत शंभर पेले बुडवून काढलेले असतात, आणि ज्या फडक्यानें बाक पुसला त्याच फडक्यानें पेला पुसला जातो. म्हणजे श्रीमंतानें शुद्ध पाणी विकत घ्यावें आणि हमालानें बादलींतलें प्यावें, अशी वांटणी झाली. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा गाडी आणि वातानुकूलित दालन या दोहोंसहि लागू आहे. २०१८ पासून तळणाचें तेल किती वेळ वापरावें यास मर्यादा घातली आहे, आणि छापील कागदांत खाद्य बांधण्यास बंदी झाली आहे. (या दुसऱ्या नियमांत आमचा स्वार्थहि आहे. आमचा अग्रलेख वाचावा अशी आमची इच्छा असते, भज्यांचें तेल त्यानें शोषावें अशी नसते.)

स्त्रियांची गोष्ट याहून अवघड. तहसिलींत काम घेऊन आलेली बाई दोन प्रहरीं तहानली तर तिनें बसावें कोठें? चहाच्या दुकानाचा बाक पुरुषांनीं भरलेला. मोठ्या हॉटेलांत पडद्याआडची जागा असते, पण ती कुटुंबासाठीं. एकटी बाई आली तर गल्ल्यावरचा मनुष्य तिच्या मागें कोण येत आहे तें पाहतो. पुष्कळ बायका यामुळें घरून निघतांना पाणीच पीत नाहींत. स्वच्छतागृहाचा अभाव हें त्याचें दुसरें कारण आहे, आणि तें लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

दुकानदार म्हणतील, नळाला पाणी नसेल तर पेले वाहत्या पाण्यांत धुवावे कसे? ही तक्रार खोटी नाहीं, आणि चार बाय सहाच्या गाडीवाल्यावर सगळा बोजा टाकणें अन्यायाचें होईल. म्हणून आमची पहिली मागणी नगरपरिषदेकडे आहे : जेथें गाड्या ओळीनें लागतात तेथें एक सार्वजनिक तोटी व सांडपाण्याची मोरी बांधून द्यावी. दुकानदारांनीं झांकणाची व तोटीची टांकी ठेवावी. मोठ्या हॉटेलवाल्यांनीं गिऱ्हाईक बसतांच गाळलेलें साधें पाणी न विचारतां ठेवावें. ज्यास बाटली हवी तो मागेल. याच जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन गांवोगांव हाच धडा दिला, आणि त्यांची तसबीर कित्येक गल्ल्यांवर हार घालून टांगलेली आम्हीं पाहिली आहे. तिच्याखालींच ती बादली असते!

व्यापारी वाचकांस एक हिशेबाची गोष्ट. डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाला, आणि तो आमच्या तालुक्यांतूनच जातो. त्यावरून जाणारा प्रवासी आमच्या गांवीं वळावा असें ज्यांस वाटतें, त्यांनीं दारावरील दिव्यांची रोषणाई करण्याआधीं पेला धुण्याची सोय करावी. कापसाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होईल, बैलगाड्यांऐवजीं आतां मालमोटारी व ट्रॅक्टर येतील, आणि त्यांवर बसून येणारीं माणसें पूर्वीइतकींच तहानलेलीं असतील. तोटीचें काम त्याआधीं पुरें व्हावें. नगरपरिषदेच्या येत्या सभेंत कोणता सभासद हा ठराव मांडतो, तें आम्ही या स्तंभांत कळवूं.