मणक्याचे ऑपरेशन होऊनही दुखणे कायम: दावा कशावर टिकतो?

कंबरेच्या मणक्याचे ऑपरेशन होऊनही दुखणे कायम राहणे दुर्मिळ नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण 10 ते 40 टक्क्यांपर्यंत आढळते. गादी पुन्हा सरकते, नसेभोवती व्रण धरतो, कधी दुखण्याचे मूळ गादीत नव्हतेच असे मागाहून उमगते. त्यामुळे ‘दुखणे गेले नाही’ एवढ्याच तक्रारीवर दावा टिकत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर अवघड रुग्णाला हात लावायला कोणी सर्जन धजावणार नाही.

पण या सबबीआड बरेच काही झाकले जाते. रुग्णाला हाती घेण्याचा निर्णय, उपचाराची निवड आणि प्रत्यक्ष उपचार या तिन्हींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच सांगितले. तो खटला पुण्यातला होता: मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाच्या मृत्यूचा. मणक्याच्या बाबतीत हेच प्रश्न असे होतात: पायातली ताकद जात नव्हती, लघवी अडली नव्हती, तर औषधे आणि व्यायाम यांना पुरेसा अवधी दिला का? एमआरआयमधला दोष आणि रुग्णाची लक्षणे जुळत होती का? ऑपरेशन टेबलवर एक्स-रे घेऊन मणका नेमका तोच असल्याची खात्री केली का? भलत्याच मणक्यावर सुरी चालली असेल, तर ‘गुंतागुंत’ हा शब्द कामाचा नाही.

सर्वांत जास्त हयगय संमतीत होते. आदल्या रात्री सिस्टर इंग्रजीत छापलेला कागद पुढे करते, फुली मारलेल्या जागी सही घेते आणि निघून जाते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, फायदा, मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे आधी सांगावे लागते. दुखणे राहण्याची शक्यता एवढी मोठी असताना ती न सांगता घेतलेल्या सहीने दवाखाना निर्धास्त होत नाही.

हे सगळे सिद्ध होते कागदांवर. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. ऑपरेशनची नोंद, भूलतज्ज्ञाचा तक्ता, संमतिपत्र, फिल्म, बिले सगळे हवे. मग दुसऱ्या गावच्या, शक्यतो त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या मणकातज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे.

भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हा 1995 चा निर्णय 2019 च्या नव्या कायद्यानंतरही कायम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तसेच म्हटले. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तोही रुग्णाच्या स्वतःच्या जिल्ह्यातला. पाच लाखांपर्यंत दाखल शुल्क नाही. मात्र ज्या सरकारी रुग्णालयात सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तिथला रुग्ण या कायद्याबाहेर राहतो. त्याला दिवाणी न्यायालय गाठावे लागते. हा भेद गरिबावर अन्यायच आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही. फौजदारी फिर्यादीला जेकब मॅथ्यू निकालापासून (2005) ढोबळ, अक्षम्य हलगर्जी दाखवावी लागते. दवाखान्याच्या काचा फोडल्या तर 2010 च्या राज्य कायद्याने रुग्णाचे नातलगच आरोपी होतात, आणि खरी तक्रार मागे पडते.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. ‘अजून सहा महिने थांबा, बरे वाटेल’ असे सांगत ती सरून जाते. दावा करायचा की नाही हे नंतर ठरवता येईल. नोंदींचा अर्ज याच आठवड्यात द्या.