पाहुणा, पनीर आणि पडेगाव

ज्याचं घर वेरूळच्या रस्त्यावर आहे त्याने एकटेपणाची तक्रार करू नये. मी पडेगावला राहतो. छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतून, छावणी मागे टाकून दौलताबाद, खुलताबाद करीत वेरूळला निघालेली प्रत्येक गाडी आमच्यावरून जाते, आणि त्यांतली नात्यातली प्रत्येक गाडी आमच्या दारात थांबते. कैलास लेणं कोरणाऱ्या कारागिरांना मी अनेकदा मनोमन हात जोडले आहेत. त्यांनी तो डोंगर वरून खाली फोडत आणला नसता, तर माझ्या साडूच्या व्याह्यांची आणि माझी या जन्मी गाठ पडली नसती.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, वेरूळ कधी बंद असतं? (मंगळवारी. आणि हा प्रश्न ते मंगळवारी येऊनच विचारतात.) दुसरा, पाणी उकळलेलं आहे ना? आणि तिसरा, इथलं खास खायला काय मिळतं?

या तिसऱ्या प्रश्नाला गेली वीस वर्षं मी एकच उत्तर देत आलो. "पुढे हायवेला पनीर चांगलं मिळतं."

वाचकहो, हे उत्तर देताना माझी जीभ झडली नाही, याचं मला आता आश्चर्य वाटतं. पनीरशी माझं वैर नाही. पंजाबात त्याने सुखाने नांदावं. पण ज्या मुलखात ज्वारीवर पिढ्या जगल्या, त्या मुलखाचं खास काय, तर पनीर! म्हणजे पंढरपूरला जाऊन पेढे कुठले चांगले, असं विचारण्यापैकी झालं.

माझे डोळे उघडले ते भाचीमुळे. गेल्या दिवाळीत ती पुण्याहून आली, आणि त्याआधी पंधरा दिवस ती कोरियाच्या जेजू नावाच्या बेटावर जाऊन आली होती. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी काशीला गेलं की एखादी भाजी सोडून यायचं. हल्लीची मुलं परदेशी जाऊन दहा पदार्थ धरून येतात. भाचीकडे यादीच होती. काळ्या डुकराचं निखाऱ्यावर भाजलेलं मांस. ॲबलोन नावाच्या समुद्री गोगलगाईची पेज. तिथल्या बायका म्हणे पाठीवर हवेचं नळकांडं न घेता, नुसता श्वास रोखून समुद्राच्या तळाशी बुड्या मारतात आणि ती वर आणतात. त्यांच्या या विद्येला युनेस्कोने २०१६ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. सांगणारी हीच मुलगी लहानपणी वरणात कढीपत्त्याचं पान सापडलं तर "किडा, किडा" म्हणून घर डोक्यावर घ्यायची.

"पण मामा, खरी गंमत वेगळीच आहे," ती म्हणाली. "ते सगळं बेटच ज्वालामुखीतून झालेलं. जिकडेतिकडे काळा दगड. जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून तांदूळ पिकायची मारामार. मग लोक राळं, जव आणि कुट्टू खाऊन राहिले. राळ्याच्या पिठाचे उकडलेले गोळे असतात, वरून लाल कडधान्याचा चुरा. ओमेगी-त्तोक म्हणतात. आणि कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, आत मुळ्याचं सारण. काय अभिमानाने खाऊ घालतात! मी अर्धा तास रांगेत उभी होते."

मी ऐकत होतो. काळा दगड, पाण्याची बोंब, तांदूळ नाही. क्षणभर मला वाटलं, ही भोकरदन तालुक्याचं वर्णन करते आहे. आमचाही दगड ज्वालामुखीचाच. त्यातूनच कैलास निघाला, आणि त्याच्याच मातीत ज्वारी. राळ्याचा भात तर आमच्या आईकडे भोगीला हमखास व्हायचा. तो आम्ही नाकं मुरडून खाल्ला. भाची मात्र त्याच राळ्यासाठी विमानाचं तिकीट काढून समुद्र ओलांडून गेली.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला. "मामा, इथलं खास काय?"

टेबलावर ढाब्यावरून आणलेलं पनीर बटर मसाला होतं. लाल, गोडसर, तेलाचा तवंग आलेलं, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चवीत तसूभर फरक नसलेलं. भाचीने नाक वर करून हवा हुंगली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर ताटाखाली झाकलेली अंबाडीची भाजी होती, कण्या घालून शिजवलेली, वरून लसणीची चरचरीत फोडणी. शेजारी फडक्यात ज्वारीच्या भाकरी. ते आमचं दोघांचं जेवण होतं. पाहुणे गेल्यावर जेवायचं.

"मामी, हे का लपवून ठेवलंत?"

"अगं, पाहुण्यांना का भाकरी वाढायची?" आमची ही म्हणाली. "बरं दिसतं का ते?"

माझं सगळं भांडण या तीन शब्दांशी आहे. 'बरं दिसतं का' या तीन शब्दांनी मराठवाड्याच्या स्वयंपाकाचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळानेही केलं नसेल. दुष्काळात माणसं काहीतरी शिजवत तरी होती! धपाटी प्रवासापुरती, शेंगोळे थंडीतल्या रात्रीपुरते, भाकरी घरापुरती. धान्यं, डाळी आणि मसाले खमंग भाजून दळलेलं येसर, ज्याची आमटी लग्नाच्या पंगतीत वाडग्याने प्यायची, ते आता रुखवतात बरणीत घालून मांडतात. वस्तू नुसती दाखवायला मांडली की ती खाणारं कुणी उरलेलं नाही, असं खुशाल समजावं.

विरोधकांचं म्हणणं मला ठाऊक आहे. ते म्हणतील, हे गरिबाचं खाणं. मग जेजूचं राळं काय जहागीरदारांचं होतं? आणि दूर कशाला, सरकारदरबारी पाहा. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. लातूरकडच्या बोरसुरीच्या तूरडाळीला मिळालं, पानचिंचोलीच्या चिंचेला मिळालं, कास्तीच्या कोथिंबिरीलाही मिळालं. म्हणजे अख्खी आमटी-भाकरी मानांकित झाली, फक्त हॉटेलात ती मागायची सोय नाही! २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. जगाने ज्वारीला ओवाळलं आणि आम्ही ती ताटाखाली झाकली.

दुसरं म्हणणं, गिऱ्हाईक मागत नाही. गिऱ्हाईक मागेल कसं? त्याला नावच ठाऊक नाही. या बाबतीत शहरातल्या नान-खलियाकडून धडा घ्यावा. तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांत बिऱ्हाड परत हलवलं. त्याच्या लष्कराबरोबर आलेला हा पदार्थ मात्र इथेच राहिला, असं सांगतात. राजधानी टिकली नाही, पण रस्सा टिकला. का? कारण जुन्या शहरातल्या मंडळींनी तो कधी लपवला नाही. लग्नाकार्यात भल्यामोठ्या देगा चढवल्या, तंदुरातून हळद-गुळाच्या पाण्याने माखलेले पिवळेधमक नान काढले आणि येईल त्याला अभिमानाने वाढले. बरं दिसतं का, असं कुणी विचारलं नाही. आणि आम्ही? आमच्याकडच्या एका हुरडा पार्टीत मी स्वतः पाहिलं, हुरडा झाल्यावर जेवणात पनीर होतं.

तिसरा मुद्दा मात्र आमच्या हिचा, आणि तिथे माझी वकिली संपते. मी हे सगळं भाषण घरात केलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "खरं आहे. रोज दहा पाहुण्यांच्या भाकरी थापायच्या कुणी? पनीर तुम्ही स्कूटरवरून आणता, म्हणून ते सुरू झालं."

परंपरेचा अभिमान पुरुषांनी बाळगायचा आणि परात बायकांनी, अशी आमच्याकडे पहिल्यापासून वाटणी आहे. वीस वर्षं तिने लपवली ती भाकरी नव्हती, दमणूक होती, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा मी परातीपुढे बसलो. माझी पहिली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, दुसरीतून कोकण गळून पडला. आता महिन्याभराने विदर्भापर्यंत मजल गेली आहे आणि एखादी फुगतेसुद्धा.

त्याच दिवाळीत ढाब्याची भांडी परत करायला मी मागच्या दाराने गेलो होतो. आचारी आणि पोरं जेवायला बसली होती. पुढ्यात भाकरी, ठेचा आणि वाफाळती येसराची आमटी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"ही गिऱ्हाइकाला का देत नाही?" मी विचारलं.

आचारी ओशाळला. हातातला घास तसाच ठेवून म्हणाला, "काय साहेब, पाहुण्यांना हे? बरं दिसतं का?"

तेव्हा मंडळी, वेरूळला जाताना जरूर थांबा. फक्त मंगळवार टाळा आणि आदल्या दिवशी कळवा, कारण माझा हात अजून सावकाश चालतो. अंबाडी आहे, ठेचा आहे, येसर दळून ठेवलं आहे. पनीर हवं असेल तर पुढे हायवेला चांगलं मिळतं.