फावल्या वेळचे उद्योग : दोन सुया आणि चार मैत्रिणी

“विणकाम शिकावयाचें आहे, तर पुस्तक कोणतें घ्यावें?” थंडीचे दिवस जवळ येऊं लागले कीं हा प्रश्न या सदराकडे हटकून येतो. विचारणाऱ्या भगिनी सुशिक्षित असतात, आणि कोणतीहि विद्या ग्रंथावरून साध्य करून घेण्याची त्यांना शाळेपासून संवय झालेली असते. त्यांस आमचें उत्तर असें कीं, पुस्तक अवश्य घ्या, परंतु तें दुसऱ्या महिन्यांत. पहिला महिनाभर आळींतल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या ज्या काकूंना विणतां येतें, त्यांच्या शेजारीं जाऊन बसा.

यांत पुस्तकाचा अनादर नाहीं. मुळांत या कलेचीं अक्षरें दोनच : सुलट टाका आणि उलट टाका. प्रत्येक ओळ सुलट विणीत गेलें तर दोन्ही अंगांनीं सारखें, वळ्यावळ्यांचें, जाड वीणकाम तयार होतें. एक ओळ सुलट व एक उलट विणली तर दर्शनी बाजू गुळगुळीत येते, मात्र कडा आपोआप गुंडाळूं लागतात. एकाच ओळींत दोन सुलट, दोन उलट घेतले आणि पुढें सुलटावर सुलट व उलटावर उलट दिसेल असें विणीत गेलें, कीं स्वेटरच्या मनगटाला लागते ती लवचिक पट्टी होते. एवढें पुस्तकांत उत्तम रीतीनें दिलेलें असतें. पुस्तकाला जें सांगतां येत नाहीं तें म्हणजे धागा बोटांवरून किती सैल सोडावा हें. नवशिका हात टाके इतके आवळतो कीं दुसऱ्या ओळींत सुई आंत शिरेनाशी होते. आणि चित्र कितीहि वेळ न्याहाळलें तरी आपण आवळीत आहों हें त्या हाताला कळत नाहीं. काकू मात्र विणीला नुसता अंगठा लावून तें ओळखतात, आणि धागा कसा धावूं द्यावयाचा तें स्वतःच्या बोटावर दाखवितात. एखादा टाका निसटून चार ओळी खालीं उतरला म्हणजे शिकणारी सारेंच उसवावयास निघते. काकू क्रोशाची सुई घेऊन तोच टाका शिडी चढवावी तसा वर आणून देतात.

सुयांविषयीं एक खुलासा करणें जरूर आहे. आपल्याकडील सुयांवर पुष्कळदां जुना इंग्रजी क्रमांक असतो व तो उलटा चालतो : क्रमांक मोठा, तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, तर दहा नंबरची सव्वातीन. आरंभ आठ नंबरानें व फिक्या रंगाच्या लोकरीनें करावा. काळ्या लोकरीचा मोह पुष्कळींना होतो, पण तीवर टाके मोजतांना डोळे थकतात.

ही विद्या अशी हातावरून हातावर जाते, म्हणून ती जेथें भरास आली तेथें बहुधा मंडळीनें एकत्र बसून केलेली दिसते. इंग्लंडच्या उत्तरेस, पूर्वीं यॉर्कशायरमध्यें व १९७४ पासून कंब्रियांत मोडणारें डेंट नांवाचें डोंगरी गांव आहे. अठराव्या शतकांत तेथील बायका, पुरुष व मुलें हातानें मोजे विणून विकीत. कमरेला खोंचलेल्या लांकडी दांडीच्या खोबणींत एक सुई रोवीत. त्यामुळें हात मोकळा राही व चालतांनाहि विणतां येई. हिवाळ्याच्या रात्रीं शेजारपाजारचीं माणसें एकेका घरीं शेकोटीभोंवतीं जमत. याच गांवीं १७८५ सालीं जन्मलेले आणि पुढें केंब्रिजला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झालेले ॲडम सेजविक यांनीं म्हातारपणीं, १८६८ सालीं, या बैठकींची आठवण लिहून ठेविली आहे. एखाद्या चुणचुणीत मुलीला मंडळी वाचावयास सांगत, आणि ती हातचें काम जवळजवळ न थांबवितां ‘रॉबिन्सन क्रूसो’चें एखादें प्रकरण वाचून दाखवी. जात्यावर दोघींनीं बसून म्हटलेल्या ओव्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं.

पण त्याच डेंटची दुसरी हकीकतहि आहे. कवि रॉबर्ट साउदी यांच्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथांत ती आली आहे. लँगडेल येथील सात-आठ वर्षांची एक मुलगी व तिच्याहून दोन वर्षांनीं लहान बहीण, अशा दोघींना विणणें शिकण्यासाठीं डेंटला ठेवण्यांत आलें. तेथें उठल्यापासून निजेपर्यंत सुया. पोरींना तें असह्य झालें आणि ऐन हिवाळ्यांत त्या पळून पायीं आपल्या घरीं परतल्या. पुढें वृद्धपणीं त्यांतल्या थोरलीनेंच हें सांगितलें. हकीकतीच्या मथळ्यांत डेंटच्या विणकऱ्यांना ‘टेरिबल’ म्हटलें आहे. तिकडील बोलींत त्याचा अर्थ विलक्षण वाकबगार असा. तथापि त्या दोन पोरींपुरता साधा अर्थहि कांहीं खोटा नव्हता.

एकच गांव, त्याच सुया. सेजविकांना बैठक गोड आठवते व या मुलींना ती तुरुंगासारखी वाटते, याचें कारण आमच्या मतें उघड आहे : ज्याला वाटेल तेव्हां उठून घरीं जातां येतें त्यालाच बैठक गोड लागते. आज मोजे यंत्रावर होतात, पोटासाठीं विणण्याची आपल्यापैकीं बहुतेकींस गरज नाहीं. तरी हल्लीं निघणाऱ्या विणकाम-मंडळांतून दरमहा इतकें झालेंच पाहिजे असा नेम, प्रदर्शन, बक्षीस, हजेरी हें सारें हलकेंच शिरतें, आणि चौथ्या महिन्यांत निम्म्या जणी येईनाशा होतात. सुनेला ‘जा, कांहींतरी शीक’ म्हणून धाडणाऱ्या सासूबाईंनींहि याचा विचार करावा. त्यापेक्षां स्वतः गेलें तर काय बिघडेल? घरांतील निवृत्त गृहस्थांनाहि मज्जाव नसावा. युरोपांत एके काळीं विणकऱ्यांचे संघ पुरुषांचेच होते.

आतां विणावयाचें कोणासाठीं? १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां आपल्या देशांत घरोघरीं जवानांसाठीं स्वेटर विणले गेले. घरांतील आजींना विचारून पाहावें. एरवीं बाळंतविडा आहेच. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऊब फार लवकर जाते. १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा येथें डॉ. एडगर रे यांनीं सुरू केलेल्या ‘कांगारू’ पद्धतींत, जी आतां आपल्या रुग्णालयांतूनहि वापरतात, असें बाळ आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवतात. त्याच्या अंगावर लंगोट, टोपडें व मोजे एवढेंच. अशीं टोपडीं विणणें मंडळाला सहज साधेल. मात्र आधीं तेथील परिचारिकांना विचारून घ्यावें : किती मापाचें, कोणत्या धाग्याचें, आणि कोणत्या रीतीनें धुतलें जाणार. न विचारतां नेलेलीं पन्नास टोपडीं कपाटांतच राहण्याचा संभव फार. टोपड्याला गळ्याशीं बांधावयाच्या नाड्या व लोंबते गोंडे लावूं नयेत.

पहिल्या दिवशीं सुयांची जोडी आणि लोकरीचा एक गुंडा एवढेंच बरोबर न्यावें. वीस टाके घालून एक बोटभर पट्टी नुसती सुलट विणावी. टाके घट्ट पडत असल्यास दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालावे, आणि मग एक सुई अलगद काढून घ्यावी.