थर्ड शिफ्ट, फर्स्ट डाइव्ह

'ट्रॉपिकल आयलंड' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मालदीव? अंदमान? कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवरचा तो निळाशार वॉलपेपर? आमच्याही डोळ्यांसमोर तेच आलं. फरक इतकाच, की तेव्हा आम्ही कागलला लक्ष्मी टेकडीजवळ चहाच्या टपरीवर उभे होतो, समोरून फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बसेस सुटत होत्या आणि चौघांपैकी दोघांच्या पायांत अजून सेफ्टी शूज होते.

आधी ग्रुपची ओळख. क्वालिटी, मेंटेनन्स आणि एचआर. माझ्या मोबाइलमध्ये सगळे डिपार्टमेंटच्या नावानं सेव्ह आहेत, इथंही तसेच राहू देत. मी त्यांच्या कंपनीतली नाही. एचआर माझी कॉलेजची मैत्रीण, आणि तिच्यामुळे बाकीचे दोघं गळ्यात पडले. या तिघांना मिळून एक सुट्टी मिळणं म्हणजे ग्रहणच. तेवढ्या एका दिवसात समुद्राखाली जायचं, मासे बघायचे, फोटो काढायचे आणि सोमवारी परत पंचिंगला हजर, असा मूळ बेत.

एचआरनं अंदमानचं पॅकेज काढलं, मग स्वतःचाच लीव्ह बॅलन्स काढला आणि गप्प बसली. कुणीतरी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचं नाव काढलं. मस्त जागा, पण कागलहून जाऊन येऊन एका दिवसात? विसरा. गोव्याचं ग्रँड आयलंडही घाईघाईत उरकण्यासारखं नाही. मग मेंटेनन्स म्हणाला, "अगं, मालवण हाय की! लांब कशाला जायचं?"

खरंच की! कर्कवृत्त भोपाळच्या थोडं वरून जातं. म्हणजे आपला अख्खा महाराष्ट्रच ट्रॉपिकल. राहता राहिलं आयलंड. सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट! शिवरायांनी १६६४ ते १६६७ या काळात तिथं किल्ला बांधला. चौथीच्या पुस्तकातला तोच किल्ला. त्याच्या आसपासच्या खडकांवर पाण्याखाली प्रवाळ आहेत, हे मात्र चौथीत कुणी सांगितलं नव्हतं.

प्लॅन ए

प्लॅन क्वालिटीनं केला, एकदम प्रॉडक्शन प्लॅनिंगसारखा. शनिवारी रात्री तो थर्ड शिफ्ट करणार. रविवारी सकाळी सातला आम्ही त्याला गेटवरूनच उचलणार. गाडी त्याची, चालवणार तोच. मुरगूड, मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, मालवण. चार तास. अकराला पोचायचं, बाराला पाण्यात, दोनला सुरमई थाळी, चारला किल्ला, रात्री दहा-अकराला घरी.

"आणि झोप?" मी विचारलं.

"झोप काय, सोमवारी सेकंड हाय. काय नाय होत गं, गाडी मी मारतो."

हे 'काय नाय होत' मी आधीही ऐकलंय. दोन वर्षांपूर्वी अशाच एका ट्रिपवरून येताना, घाटात, पहाटे. मी पुढच्या सीटवर होते. गाणं चालू होतं, गप्पा चालू होत्या आणि बोलता बोलता ड्रायव्हिंग करणारा मित्र गप्प झाला. मी वळून बघितलं तर त्याचे डोळे मिटलेले. ओरडले, त्यानं ब्रेक मारला, गाडी कठड्याला घासून थांबली. कुणाला काही लागलं नाही, म्हणून तो किस्सा पार्टीत हसून सांगितला जातो. मला अजून हसू येत नाही.

म्हणून या वेळी मी हट्टालाच पेटले. रात्रभर जागलेला माणूस घाट उतरणार नाही आणि पाण्यातही उतरणार नाही. पाण्याखाली डोकं जागेवर लागतं. इन्स्ट्रक्टरच्या खुणा कळायला हव्यात, कान दुखला तर लगेच सांगता यायला हवं. रात्रीची पार्टी करून सकाळी डाइव्ह करणाऱ्यांनाही हाच नियम. क्वालिटी चिडला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं शिफ्ट बदलून घेतली. बदल्यात पुढच्या रविवारची थर्ड गळ्यात घेऊन!

प्लॅन बी असा : शनिवारी दुपारी चारला निघायचं, रात्री मालवणात एका घरगुती खोलीत झोपायचं, रविवारी सकाळी लवकर डाइव्ह आणि अंधार पडायच्या आत घाट चढून वर. दाजीपूरच्या जंगलातून रस्ता जातो बाबांनो, रात्री समोर गवा उभा राहिला तर तो डिपर देऊन बाजूला होत नाही.

कालनिर्णय कशासाठी असतं?

आता तारीख. एचआरनं सुट्ट्यांचा तक्ता उघडला. मी म्हटलं, थांब, तिथी बघू. सगळे हसले. पण समुद्राचं वेळापत्रक एचआर बनवत नाही, चंद्र बनवतो! अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. पाणी जोरात आत येतं, जोरात बाहेर जातं आणि तळाचा गाळ ढवळून निघतो. मग पाण्याखाली दिसतं काय? चहा. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती. पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, पाणी निवळ राहण्याची शक्यता जास्त. भरतीची वेळही रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. त्यामुळे 'मित्र गेला होता तेव्हा दहा वाजता मस्त दिसलं' याचा आपल्याला उपयोग शून्य. डाइव्हवाल्याला फोन करून विचारायचं : त्या दिवशी भरती कधी, आणि पाण्यात कधी उतरवाल?

सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळं बंद. आम्ही कँटीनमधलं कालनिर्णय काढून फेब्रुवारीतली अष्टमीच्या जवळची एक तारीख पक्की केली. कँटीनच्या मावशींनी विचारलंसुद्धा, "कुणाचं लगीन ठरलं?"

सगळीकडे 'नाही'

रविवारी सकाळी आठला आम्ही हजर. पोटात हलका नाश्ता. (मिसळ नाही! लाटांवर हलणाऱ्या बोटीत ती परत भेटायला येते.) पाण्यात उतरायच्या आधी एक फॉर्म भरायला देतात. दमा आहे का? हार्टचा त्रास? फिट्स? कानाचं ऑपरेशन? सर्दी? गरोदर आहात का? पोहता येत नाही ही अडचण नसते. पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्याला इन्स्ट्रक्टर धरूनच असतो आणि नेतोही थोड्याच मीटर खोल. पण फॉर्ममधला एक 'हो' ही खरी अडचण असते.

क्वालिटीनं पेन घेतलं आणि एका दमात सगळीकडे 'नाही'. मी बघत होते. त्याच्या बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात इन्हेलर असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. थंडीत डस्टमध्ये काम पडलं की तो वापरतो. मी हळूच म्हटलं, "हे काय?"

"अगं, सहा महिन्यांत त्रास नाही. उगंच लिहिलं तर सोडणार नाहीत. कुणी बघत नाही हे. ऑडिटचे कागद कसे भरतात माहीत नाही व्हय?"

"तू पार्ट न तपासता ओकेचा शिक्का मारतोस?"

तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, आता भांडण होणार. तीन महिने या ट्रिपसाठी पैसे बाजूला टाकणारा तोच, शिफ्ट बदलणारा तोच, डिस्कव्हरीवर शार्क बघत मोठा झालेलाही तोच. मग त्यानं नवीन फॉर्म मागून घेतला. दम्यापुढं 'हो' लिहिलं. इन्स्ट्रक्टरनं वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "डॉक्टरांचं पत्र आणा, मग नेतो. आज नको."

कारण साधं आहे. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट फुगतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दम्यात श्वासनलिका आवळल्या तर हवा फुप्फुसात अडकू शकते, आणि वर येताना ती फुगली तर फुप्फुसाला इजा होते. चार मीटर, पाच मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हवेच्या फुगण्या-आकसण्यातला सगळ्यात मोठा फरक पृष्ठभागाजवळच पडतो.

दोनशे बार आणि एक अंगठा

मेंटेनन्सचा जीव टाकीवर. "दोनशे बार? आपल्या प्लँटच्या एअर लाइनला सहा-सात बार असतात!" गेज तीनदा बघून झालं, मगच त्यानं मास्क लावला. मग कान : नाक दाबून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधीच, पुन्हा पुन्हा. सर्दी असेल तर हेच जमत नाही. म्हणून सर्दीत डाइव्ह नाही.

खाली गेले आणि पहिली दोन मिनिटं फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. मग समोर पट्ट्यापट्ट्यांचे मासे, सार्जंट मेजर म्हणतात त्यांना, शाळेच्या युनिफॉर्मसारखे. एक पोपटमासा खडकाला चावे घेत चाललेला. त्याचा करकर आवाज पाण्यातून चक्क ऐकू येतो! मी खुशीत इन्स्ट्रक्टरला अंगठा दाखवला. त्यानं मला सरळ वर नेलं. कारण पाण्याखाली अंगठा म्हणजे 'मस्त' नाही, अंगठा म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आधी शिकवलं होतं हो, पण सवय...

परत खाली गेले तेव्हा एक प्रवाळाचा घुमट दाखवला, बुलेटच्या चाकाएवढा. अशा प्रकारचे घुमट वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे हा जवळजवळ माझ्याच वयाचा. मी ज्या काळात शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं रिजेक्शन सगळं उरकलं, तेवढ्या काळात तो इथं बसून एवढा झालाय. त्यावर एक पाय पडला तर? म्हणून हात छातीशी, पाय वर. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. वन्यजीव कायद्यात २००१ पासून प्रवाळ अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आठवण म्हणून तुकडा खिशात टाकणं हा गुन्हा आहे. आणि फोटोसाठी कुणी ब्रेड-बिस्किटं टाकून मासे गोळा करत असेल, तर नको म्हणा. मासे आपल्या नाश्त्यावर जगत नाहीत.

घाट चढण्याआधी

कोल्हापूरकरांसाठी एक खास मुद्दा. डाइव्ह करताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो निघून जायच्या आत उंचावर गेलं तर त्रास होऊ शकतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसू नये, असं सांगतात. आपण विमानात नसतो, पण राहतो समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि मध्ये घाट! पहिलीवहिली उथळ, पंधरा मिनिटांची डाइव्ह असेल तर भार अगदी कमी. पण सर्टिफिकेटवाले असाल आणि खोल दोन-तीन डाइव्ह करणार असाल, तर रात्री तिथंच मुक्काम करा. किमान इन्स्ट्रक्टरला सांगा, की आजच घाट चढायचाय. हा कोर्स रीतसर करायचा असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे.

आमच्या प्लॅनमधलं शेवटी काय काय उरलं?
- तारीख : आधी तिथी, मग लीव्ह.
- झोप : आदल्या रात्रीची पूर्ण. नाइट शिफ्ट करून डायरेक्ट नाही.
- फॉर्म : खरा.
- पाण्यात : श्वास चालू, हात आवरते.
- परत : उजेडात.
- डॉल्फिन, कासव : दिसले तर नशीब. पॅकेजमध्ये लिहून मिळत नाहीत.

आम्ही वर आलो तेव्हा क्वालिटी बोटीत आमचे टॉवेल आणि चपला सांभाळत बसला होता. डॉल्फिन वगैरे काही दिसले नव्हते त्याला. मी विचारलं, कंटाळलास? म्हणाला, "नाही. बुडबुडे मोजत होतो. तुम्ही तिघं, तीन इन्स्ट्रक्टर. एकदा तुझे मध्येच थांबले, तेव्हा उठून उभा राहिलो." ते माझ्या अंगठ्याचं प्रकरण होतं.

थाळी खाताना तो फारसा बोलला नाही. येताना गाडी त्यानंच चालवली, डोळे टक्क उघडे. राधानगरीला चहाला थांबलो तेव्हा एकदम म्हणाला, "लिहायला नको होतं का गं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याला बोटीत बसवून मीच खाली जाऊन आले होते.

काल त्याचा मेसेज आला. छातीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय, फुंकून बघायची टेस्ट करणार आहेत. पत्र मिळालं तर ऑक्टोबर. नाही मिळालं तर परत टॉवेल सांभाळायला येणार, असं म्हणतो. तेव्हा मात्र थाळीचे पैसे आम्ही तिघं देणार.